वसंत कोणाचा? : ‘एलिझाबेथ अँड हर जर्मन गार्डन’मधील बागेचा आनंद आणि बागेचे श्रम

सारांश

एलिझाबेथ फॉन आर्निम यांची ‘एलिझाबेथ अँड हर जर्मन गार्डन’ (१८९८) ही रोजनिशीवजा कादंबरी खेड्यातील बागेत लाभलेल्या वसंतसुखाचे पुस्तक म्हणून प्रसिद्ध आहे. प्रसन्न उद्यानवर्णन आणि एका विवाहित स्त्रीने मिळविलेले स्वातंत्र्य अशा दोन अंगांनी तिचे वाचन होत आले आहे. ही दोन्ही वाचने यथार्थ असली तरी अपुरी आहेत, अशी प्रस्तुत निबंधाची भूमिका आहे. वसंतातील निवांतपणा ही एकच गोष्ट या कादंबरीत मालकिणीच्या बाबतीत सुख ठरते आणि मजुरांच्या बाबतीत नुकसान ठरते. हा भेद कादंबरी कोठे ओळखते आणि कोठे ओळखत नाही, याचा शोध येथे घेतला आहे.

बीजसंज्ञा : उद्यानसाहित्य, वसंत, श्रम, स्त्रीवाचन, हंगामी मजूर, निवेदक, विनोद.

प्रस्तावना

बागेत बसून वसंताचा आस्वाद घेणे हा विषय वरकरणी निरुपद्रवी वाटतो. फुले उमलतात, पक्षी गातात, माणूस काही काळ आपल्या चिंता विसरतो. यात समीक्षकाने शोधावे असे काय आहे, असा प्रश्न कोणी विचारल्यास तो अगदीच गैरलागू म्हणता येणार नाही. परंतु बाग ही अरण्यासारखी आपोआप उगवत नाही. तिला मालक असतो, कुंपण असते, तिची माती कोणीतरी खणलेली असते. त्यामुळे बागेतील आनंदाचे वर्णन करणारे प्रत्येक पुस्तक, त्याच्या कर्त्याची इच्छा असो वा नसो, मालकी आणि श्रम यांविषयीही काही बोलत असते. ते काय बोलते आणि काय गाळते हे पाहणे समीक्षेचे काम आहे.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उद्यानविषयक लेखनाला बहर आला होता. विल्यम रॉबिन्सन यांच्या ‘द वाइल्ड गार्डन’ (१८७०) या ग्रंथाने आखीवरेखीव वाफ्यांऐवजी नैसर्गिक वाटणाऱ्या लागवडीचा पुरस्कार केला. आल्फ्रेड ऑस्टिन यांचे ‘द गार्डन दॅट आय लव्ह’ (१८९४), मारिया थेरेसा अर्ल यांचे ‘पॉटपुरी फ्रॉम अ सरे गार्डन’ (१८९७) आणि गर्ट्रूड जेकिल यांचे ‘वुड अँड गार्डन’ (१८९९) ही पुस्तके त्याच काळातील आहेत. त्यांच्या मालिकेत १८९८ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या मॅकमिलन प्रकाशनाने एक निनावी पुस्तक प्रसिद्ध केले आणि अल्पावधीतच त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. तेच ‘एलिझाबेथ अँड हर जर्मन गार्डन’ होय.

लेखिका आणि कादंबरीची पार्श्वभूमी

लेखिकेचे मूळ नाव मेरी अ‍ॅनेट ब्यूशाँ. त्यांचा जन्म १८६६ साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे झाला आणि बालपणीच त्या इंग्लंडमध्ये आल्या. कथालेखिका कॅथरिन मॅन्सफिल्ड ही त्यांच्या नात्यातील होती. १८९१ साली त्यांचा विवाह हेनिंग फॉन आर्निम या प्रशियन सरदाराशी झाला. बर्लिनमध्ये काही वर्षे काढल्यानंतर १८९६ च्या सुमारास त्या पतीच्या पोमेरेनियातील नासेनहाइडे येथील जहागिरीवर राहू लागल्या. हे ठिकाण आज पोलंडमध्ये, श्चेचिन शहराजवळ आहे. पहिल्या पुस्तकाच्या यशानंतर त्यांनी ‘एलिझाबेथ’ हे नाव आपलेसे केले. पुढे ‘द सॉलिटरी समर’ (१८९९) हा त्याचा उत्तरभाग आणि इटलीतील वसंतावर आधारलेली ‘द एन्चांटेड एप्रिल’ (१९२२) ही कादंबरी त्यांनी लिहिली. १९४१ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

कादंबरीची रचना रोजनिशीची आहे. ७ मे या नोंदीने ती सुरू होते आणि पुढील वर्षीच्या १८ एप्रिलच्या नोंदीने संपते. म्हणजे वसंतापासून निघून ती पुन्हा वसंताशी येऊन थांबते. निवेदिका एलिझाबेथ ही तीन लहान मुलींची आई आहे. मुलींना त्यांच्या जन्ममहिन्यांवरून एप्रिल-बाळ, मे-बाळ आणि जून-बाळ अशी नावे दिलेली आहेत. पतीचा उल्लेख मात्र ‘मॅन ऑफ राथ’, म्हणजे कोपिष्ट पुरुष, या विनोदी उपाधीने होतो. मुलांना ऋतूची नावे आणि नवऱ्याला रागाचे नाव, एवढ्या एका गोष्टीवरूनही या घरातील सत्तेचे वाटप ध्यानात येते.

निवेदिका आणि लेखिका यांना एकच समजण्याचा मोह अनेकांना झाला आहे, तो टाळला पाहिजे. कादंबरीतील एलिझाबेथचे बालपण जर्मन भूमीवर, वडिलांच्या बागेत गेलेले आहे. लेखिकेचे तसे नाही. अर्थात ही रोजनिशी प्रत्यक्ष जीवनाची नोंद नसून त्या जीवनातून घडविलेली कलाकृती आहे. निवेदिकेला जे दिसत नाही ते लेखिकेलाही दिसत नव्हते असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

सहा आठवड्यांचा वसंत

कादंबरीतील सर्वांत सुखाचा काळ सहा आठवड्यांचा आहे. विवाहानंतरची पाच वर्षे शहरातील सदनिकेत काढल्यावर एलिझाबेथला या जुन्या घराचा शोध लागतो. पंचवीस वर्षे तेथे कोणी राहिलेले नाही. तीस वर्षांच्या युद्धापूर्वी ते जोगिणींचा मठ होते. घराची रंगरंगोटी करून घेण्याच्या निमित्ताने ती एप्रिलच्या अखेरीस एकटीच तेथे येते आणि जूनच्या मध्यापर्यंत राहते. घरात एक वृद्ध कारभारीण आणि तिची मदतनीस एवढीच माणसे आहेत. कारागिरांवर देखरेख करणे हे निमित्त मागे पडते. पिवळ्या डँडेलियन फुलांनी भरून गेलेली हिरवळ, बर्ड चेरीचा पांढरा मोहर आणि पाठोपाठ फुलणारे लायलॅक यांच्या सहवासात ती दिवसचे दिवस बाहेर काढते. जेवण म्हणजे पाव, कोशिंबीर आणि चहा. रात्री एकटेपणाची भीती वाटते, म्हणून ती जेवणाची मोठी घंटा उशाशी घेऊन झोपते. भीतीचा हा तपशील लेखिकेने गाळलेला नाही आणि तेच योग्य आहे. कारण हे स्वातंत्र्य नवे आहे आणि नव्या स्वातंत्र्यात थोडी भीती असतेच.

या सुखाचा शेवट ज्या प्रसंगाने होतो तो कादंबरीतील उत्कृष्ट प्रसंगांपैकी एक आहे. पती येतो आणि पत्र का लिहिले नाही म्हणून रागावतो. आपण इतक्या आनंदात होतो की पत्राचे सुचलेच नाही, असे ती प्रांजळपणे सांगते. बायको आपल्यावाचून आनंदी राहू शकते हे त्याला स्वतःवरील टीकेसारखे वाटते. ती त्याला बाग दाखवीत हिंडते, फुललेले लायलॅक दाखविते. पती आणि मुले जवळ नसताना सुख उपभोगणे हा निव्वळ स्वार्थ आहे, असा निर्णय तो देतो आणि पुढे लायलॅकची चांगली छाटणी केली पाहिजे, असेही सांगतो. बहराकडे पाहणाऱ्या दोन दृष्टी येथे समोरासमोर येतात. एकीला त्यात सुख दिसते, दुसऱ्याला छाटणीची गरज दिसते. छाटणी झाडाची करावयाची की बायकोच्या आनंदाची, हे लेखिकेने वाचकावर सोडले आहे.

१९८० च्या दशकात विरागो या स्त्रीलेखनास वाहिलेल्या प्रकाशनसंस्थेने ही कादंबरी पुन्हा वाचकांसमोर आणली, त्यामागील कारण या प्रसंगावरून स्पष्ट व्हावे. प्रशियात १८५० च्या कायद्यान्वये स्त्रियांना राजकीय संघटनांचे सदस्य होण्यास मनाई होती. ही मनाई १९०८ साली उठली. कादंबरीतील पतीही एका हिवाळी संभाषणात, कायद्याने स्त्रिया, मुले आणि वेडे यांना एका पंक्तीत बसविल्याचे समाधानाने सांगतो. अशा समाजात सहा आठवडे एकटीने बागेत राहणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. या दृष्टीने कादंबरी वाचणारे समीक्षक तिच्या एका मोठ्या सत्यापर्यंत निश्चितच पोहोचतात.

निषिद्ध फावडे

तथापि या स्वातंत्र्याला एक विचित्र मर्यादा आहे. एलिझाबेथ बागेची मालकीण असली तरी तिला बागेत खणता येत नाही. हाताने माती उकरणे तिच्या दर्जाच्या स्त्रीला शोभत नाही. तिने मनाशी योजावे, माळ्याला सांगावे आणि माळ्याने करावे, अशी व्यवस्था आहे. एप्रिलमधील एका उबदार रविवारी, नोकरमंडळी जेवायला बसलेली असताना, ती फावडे आणि दंताळे घेऊन चोरपावलांनी बाहेर पडते. घाईघाईने जमिनीचा एक लहानसा तुकडा खणते, त्यात आयपोमियाचे, म्हणजे आपल्याकडील गणेशवेलीच्या जातकुळीतील वेलाचे, बी पेरते आणि घामाघूम होऊन घरात परतते. कोणी पाहण्याच्या आत खुर्चीत बसून पुस्तकामागे तोंड लपविते आणि आपली प्रतिष्ठा वाचविते.

प्रसंग विनोदी आहे, परंतु त्याचा अर्थ गंभीर आहे. या सुखनिधान बागेत मालकिणीला श्रमाचे सुख चोरून घ्यावे लागते. इव्हच्या हाती फावडे असते तर नंदनवनातील पुढचा अनर्थ टळला असता, अशा आशयाचे भाष्य ती याच संदर्भात करते. रिकामे हात हेच पापाचे मूळ, हा त्यातील विचार आहे. याच काळात इंग्लंडमधील स्वॉनली उद्यानविद्या महाविद्यालयाने १८९१ पासून स्त्रियांना प्रवेश देण्यास आरंभ केला होता आणि गर्ट्रूड जेकिल स्वतःच्या हातांनी काम करीत होत्या. पोमेरेनियातील जहागीरदारीणीला मात्र त्या हातांची मुभा नव्हती. पहिल्या वर्षी एलिझाबेथने दहा पौंड आयपोमियाचे बी मागवून अकरा वाफ्यांत आणि बहुतेक प्रत्येक झाडाभोवती पेरविले आणि अपेक्षित स्वर्ग काही अवतरला नाही. पुस्तके वाचून बाग करणाऱ्या आणि मातीला हात लावण्याची बंदी असणाऱ्या व्यक्तीचे हे अपयश आहे.

येथपर्यंत फावडे हे निषिद्ध सुख आहे. परंतु त्याच फावड्याची दुसरी बाजू माळ्याच्या प्रसंगात दिसते. पहिला माळी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नोकरी सोडण्याची सूचना देतो आणि मनधरणी झाल्यावर थांबतो. त्याच्या जागी आलेल्या माळ्याला वेड लागते. तो एका हातात फावडे आणि दुसऱ्या हातात रिव्हॉल्व्हर घेऊन बागेत हिंडू लागतो आणि त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात करावी लागते. निवेदिका हे सारे हसत हसत सांगते. त्या माणसावर ही वेळ का आली, हा प्रश्न तिच्या मनात फार काळ टिकत नाही. मालकीण ज्या हत्यारासाठी आसुसलेली आहे तेच हत्यार हाती धरून दुसरा माणूस भ्रमिष्ट होतो, ही संगती मात्र कादंबरीच्या पानांवर शिल्लक राहते.

शेतातील वसंत

बागेच्या कुंपणापलीकडे जहागिरीची शेती आहे. तेथे रशियन आणि पोलिश मजूर काम करतात. निवेदिकेने दिलेले तपशील नेमके आहेत. पुरुषाला दिवसाला दीड ते दोन मार्क आणि खाता येतील तेवढे बटाटे मिळतात. स्त्रियांना कमी मिळते. त्या कमी काम करतात म्हणून नव्हे, तर त्या स्त्रिया आहेत आणि त्यांना शेफारू देता कामा नये म्हणून. हा उपरोध धारदार आहे. मजुरांवर एक मुकादम नेमलेला आहे. त्याच्याजवळ भरलेले रिव्हॉल्व्हर आणि एक हिंस्र कुत्रा आहे. मजूर आल्यानंतरचा पहिला आठवडा-दोन आठवडे त्यांच्या झोपड्यांवर रात्री पहारा ठेवावा लागतो. तरीही दर वसंतात त्यांतील पन्नासएक जण निसटून जातातच.

हे मजूर वसंतातच का येतात, याचे उत्तर कादंबरीत नाही. ते इतिहासात आहे. १८८५ पासून प्रशियाने परकीय पोलिश लोकांना मोठ्या प्रमाणावर हद्दपार केले. परंतु एल्ब नदीच्या पूर्वेकडील मोठ्या जमीनदारांना मजुरांची टंचाई जाणवू लागली. म्हणून १८९० च्या सुमारास या मजुरांना पुन्हा प्रवेश देण्यात आला, मात्र हंगामापुरताच. हिवाळ्यात त्यांनी देश सोडलाच पाहिजे अशी अट होती. माक्स वेबर यांनी १८९२ साली प्रसिद्ध केलेल्या एल्बपूर्व प्रदेशातील शेतमजुरांच्या अभ्यासात या प्रश्नाची विस्तृत चर्चा आहे. म्हणजे नासेनहाइडेच्या शेतावर वसंत हा केवळ निसर्गाचा ऋतू नव्हता, परवान्याचाही ऋतू होता. लायलॅक फुलण्याची आणि मजूर येण्याची वेळ जवळजवळ एकच असावी, हा योगायोग कायद्याने घडविलेला होता.

या मजुरांतील एका स्त्रीचा प्रसंग कादंबरीतील सर्वांत अस्वस्थ करणारा आहे. एलिझाबेथ आणि तिचा पती घोड्यांवरून शेताची पाहणी करीत असताना, प्रसूत होऊन लगेच कामावर परतलेली एक बाई त्यांना दिसते. एलिझाबेथ कळवळते आणि का कोण जाणे पण पतीवर चिडते. पती यात निसर्गक्रमच पाहतो आणि स्त्रियांच्या स्वाभाविक दुय्यमत्वावर प्रवचन देतो. येथे काही क्षण मालकीण आणि मजूर स्त्री एकाच अन्यायाच्या दोन टोकांना उभ्या असल्याचे जाणवते. परंतु ही जाणीव तिला होते ती घोड्यावर बसून, उंचावरून. ती खाली उतरत नाही.

एकच निवांतपणा, दोन अर्थ

आता निबंधाच्या मध्यवर्ती मुद्द्याकडे वळता येईल. मजुरांच्या वर्णनात निवेदिका रशियन संतांच्या सणांचा उल्लेख करते. या दिवशी मजूर कामाला हात लावीत नाहीत. वसंतात, जेव्हा शेतीच्या दृष्टीने प्रत्येक तास मोलाचा असतो, तेव्हाच हे सण वारंवार येतात आणि मजूर दिवसभर उन्हात निजून राहतात. दीर्घ हिवाळ्यानंतरच्या पहिल्या उबदार दिवसांत असे दोन-तीन दिवस एका आठवड्यात वाया गेले की आपल्यालाही पतीच्या उद्विग्नतेविषयी सहानुभूती वाटते, अशी कबुली ती देते.

ही कबुली सहा आठवड्यांच्या वर्णनाशेजारी ठेवून वाचली पाहिजे. एलिझाबेथ वसंतात कामाचे निमित्त करून येते आणि काम बाजूला ठेवून दिवसभर बागेत राहते. ते सुख ठरते, किंबहुना ते तिला जवळजवळ धार्मिक अनुभवासारखे वाटते. मजूर त्याच वसंतात, प्रत्यक्ष धर्माच्या आधाराने, काम बाजूला ठेवून उन्हात पडून राहतात. ते नुकसान ठरते. पती एलिझाबेथच्या सुखाला स्वार्थ म्हणतो तेव्हा आपण त्याला हसतो. तोच पती मजुरांच्या सुखावर चरफडतो तेव्हा एलिझाबेथ त्याच्या बाजूला जाते. वसंताचा आस्वाद घेण्याची क्षमता ही मनाच्या सुसंस्कृततेची खूण आहे, असा या पुस्तकाचा एकंदर सूर आहे. परंतु ती क्षमता मजुरांमध्येही आहे, याचा पुरावा त्याच पुस्तकात असून तो आळस या सदराखाली नोंदविलेला आहे.

पलायनाबाबतही हेच म्हणता येते. एलिझाबेथ शहरातून, सदनिकेतून आणि गृहिणीच्या कर्तव्यांतून निसटते. मजूर शेतावरून निसटतात. दोन्ही पलायने वसंतात घडतात. एकीला परतल्यावर रागाचे दोन शब्द ऐकावे लागतात. दुसऱ्यांसाठी भरलेले रिव्हॉल्व्हर आणि कुत्रा तयार असतो. रिव्हॉल्व्हर या शस्त्राचा उल्लेख या फुलांच्या पुस्तकात मुकादमाच्या आणि माळ्याच्या, अशा दोन हातांत येतो. दोन्ही हात मालकिणीच्या बागेच्या आणि शेताच्या रक्षणासाठीच नेमलेले आहेत, हे लक्षणीय आहे.

सहानुभूती कशी विरत जाते, याचेही चित्र येथे आहे. या प्रदेशात नव्याने आल्यावर आपल्याला या लोकांची कीव येत असे, असे निवेदिका सांगते. आता मात्र त्यांना साबण आणि नवे कपडे आवडणारच नाहीत, असे तिला वाटू लागले आहे. शिवाय संध्याकाळी ते गात गात परततात. दूरवरून ऐकू येणारे गाणे हा सुस्थितीचा पुरावा मानण्याची ही पद्धत आपल्याला अपरिचित नाही. नांगर धरणाऱ्याच्या ओठांवरील ओवी ऐकून ग्रामजीवन सुखी आहे असा निर्वाळा देणारे लेखन मराठीतही पुष्कळ झाले आहे.

विनोदाचे कार्य

असे असेल तर ही कादंबरी एका सुखवस्तू स्त्रीच्या आत्ममग्नतेचा दस्तऐवज मानून बाजूला ठेवावी काय? तसे करणे अन्यायाचे होईल. वेतनाचे आकडे, मुकादमाचे शस्त्र, प्रसूत स्त्रीचा प्रसंग, उन्हात निजलेले मजूर हे सारे आपल्याला कळते ते याच पुस्तकामुळे. त्या काळातील अनेक उद्यानग्रंथांत मजुराला वेतनासह प्रवेशच नाही. लेखिकेने हे तपशील हसत हसत दिले, पण दिले.

तिच्या विनोदाचे कार्य दुहेरी आहे. पतीसंबंधीचा विनोद सत्तेचे हसे करतो. मजुरांसंबंधीचा विनोद मात्र बहुतांशी सत्तेचे रक्षण करतो. जे पाहून स्वस्थ बसणे अवघड आहे, ते तो सुसह्य करतो. स्त्रियांच्या वेतनावरील उपरोधात या दोन्ही प्रकारांची सरमिसळ झाली आहे. पतीचे तत्त्वज्ञानच त्याच्यावर उलटविणारी ती टीका आहे आणि तरीही वेतन तेवढेच राहते. लेखिका ऑस्टेनच्या परंपरेतील सूक्ष्म उपरोधाची जाणकार आहे, हे मान्य करूनही तिच्या उपरोधाची धार कुंपणापाशी बोथट होते, असे म्हणावे लागते.

वडिलांच्या बागेचा प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे. नोव्हेंबरच्या धुक्यात एलिझाबेथ आपल्या बालपणीच्या बागेत लपून शिरते. ती बाग आता चुलतभावंडांच्या ताब्यात आहे. तेथे तिला स्वतःच्याच नावाची एक लहान मुलगी भेटते आणि ती पळ काढते. स्वतःच्या बागेत परकी ठरण्याचा अनुभव तिला आहे. ज्या भूमीवर आपण वाढलो, ती आपली नाही, हे दुःख तिला ठाऊक आहे. हाच धागा पुढे नेला असता तर हंगामापुरते येऊन हिवाळ्यात हाकलले जाणारे मजूर तिला अधिक जवळचे वाटले असते. कादंबरी त्या उंबरठ्यापर्यंत येते आणि थांबते.

शब्दांची बाग : नासेनहाइडे ते देवास

या बागेविषयीची एक साक्ष विचारात घेण्याजोगी आहे. १९०५ च्या वसंतात ई. एम. फॉर्स्टर हे तरुण लेखक एलिझाबेथच्या मुलींचे शिक्षक म्हणून काही महिने नासेनहाइडे येथे राहिले. प्रसिद्ध बागेचा आपल्यावर फारसा ठसा उमटला नाही, अशा आशयाची आठवण त्यांनी पुढे नोंदविली आहे. ज्या बागेने हजारो वाचकांना मोहिनी घातली ती प्रत्यक्षात तेथे राहणाऱ्याच्या नजरेत भरली नाही. यावरून लेखिकेने अतिशयोक्ती केली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ती बाग मुख्यत्वे वाक्यांत लावलेली होती, एवढेच त्यातून सिद्ध होते. वाक्यांत लावलेल्या बागेला माळी लागत नाही. म्हणूनच वर्णनांतून माळी सहजपणे बाहेर राहू शकतो.

मराठी वाचकाच्या दृष्टीने पुढील दुवा औत्सुक्याचा आहे. हेच फॉर्स्टर १९२१ साली देवास (थोरली पाती) या मराठा संस्थानात महाराज तुकोजीराव पवार यांचे खाजगी सचिव म्हणून काम करीत होते. तुकोजीराव हे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. त्या दिवसांच्या पत्रांवर आधारलेल्या ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या ग्रंथात फॉर्स्टर आपल्याकडील कामांची यादी देतात, तिच्यात बागा, टेनिसची मैदाने, मोटारी, अतिथिगृह आणि वीजघर यांचा समावेश आहे. नासेनहाइडेत जो बागेचा पाहुणा होता, तो देवासमध्ये बागांचा व्यवस्थापक झाला. बाग हा तेथे एका खात्याचा विषय आहे, तिला खर्च आहे आणि माणसे आहेत. एकाच लेखकाच्या जीवनात बागेची ही दोन रूपे यावीत, हे आपल्या विवेचनास पूरक आहे.

मराठीत ‘माळी’ हा शब्द व्यवसायाचाही आहे आणि जातीचाही. त्यामुळे बागेत खणणारा माणूस आपल्या भाषेत अनामिक राहत नाही. त्याला समाजात एक ठरलेली जागा असते. त्याच समाजातून आलेल्या जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात (१८८३) पिकविणाऱ्याच्या वाट्याला काय येते, हा प्रश्न एलिझाबेथच्या पुस्तकाच्या पंधरा वर्षे आधी निःसंदिग्धपणे विचारलेला होता. त्या प्रश्नाची सवय झालेल्या वाचकाने पोमेरेनियातील बागेत प्रवेश केला तर त्याची दृष्टी प्रथम फुलांवर जाईल आणि नंतर फावड्यावर. दोन्हीकडे पाहणे हेच या पुस्तकाचे न्याय्य वाचन होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. ‘एलिझाबेथ अँड हर जर्मन गार्डन’मधील वसंताचा आनंद खरा आहे, एका बंदिस्त स्त्रीने तो प्रयत्नपूर्वक मिळविलेला आहे. त्या आनंदाला श्रमबंदीची मर्यादा आहे आणि ती मर्यादा निवेदिकेला बोचते. परंतु ज्यांच्यावर श्रमाची सक्ती आहे त्यांचाही वसंतावर हक्क आहे, हे सत्य कादंबरी तपशिलांतून सांगते आणि निवेदनातून नाकारते. म्हणून तिचे वाचन करताना निवेदिकेचा शब्द अंतिम न मानता तिने पुरविलेल्या तपशिलांना स्वतंत्रपणे बोलू दिले पाहिजे.

महाविद्यालयीन अध्यापनात अशा ‘हलक्याफुलक्या’ मानल्या जाणाऱ्या ग्रंथांना सहसा स्थान मिळत नाही आणि मिळाले तर ते निसर्गवर्णनाचा नमुना म्हणून मिळते. वस्तुतः आनंदाचे वर्णन हे दुःखाच्या वर्णनाइतकेच समाजाविषयी बोलके असते. विद्यार्थ्यांना या पुस्तकातील सहा आठवडे आणि संतांच्या सणाचा दिवस ही दोन वर्णने शेजारी ठेवून वाचण्यास दिली, तर साहित्य आणि समाज यांच्या संबंधावरील एखाद्या व्याख्यानापेक्षा त्यांना अधिक गवसेल. अखेरच्या नोंदीत एलिझाबेथ बागेतून मिळणाऱ्या कृपेला आपण अधिक पात्र व्हावे, अशी इच्छा व्यक्त करते. ही पात्रता कशाने येते, हे ती सांगत नाही. तिच्याच पुस्तकाच्या आधारे एवढे म्हणता येईल, की उन्हात निजलेला मजूरही तोच वसंत अनुभवतो आहे हे ओळखण्यापासून तिचा आरंभ होतो.